नूरसुलतान नझरबायेव्ह : कझाकस्तानच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे, कझाकस्तानात मुलांना वैद्यकीय शिक्षणासाठी पाठवलेले पालक आणि सोव्हिएत संघाच्या पडझडीनंतरच्या राजकारणात रस असलेले वाचक या विषयावर बहुतेक हेच प्रश्न विचारतात. उत्तरांत तारखा आणि कायदे जरा जास्त आहेत, आणि ते मुद्दामच. ही कारकीर्द भाषणांतून फारशी उलगडत नाही. ती सार्वमते, घटनादुरुस्त्या आणि हुकूमनाम्यांतून उलगडते.

ते नेमकी किती वर्षे सत्तेवर होते? कुठे २७ लिहितात, कुठे २९, कुठे ३०.

मोजायला कुठून सुरुवात करता, त्यावर ते अवलंबून आहे. २२ जून १९८९ रोजी ते कझाक कम्युनिस्ट पक्षाचे पहिले सचिव, म्हणजे प्रजासत्ताकाचे सर्वेसर्वा झाले. २४ एप्रिल १९९० रोजी सर्वोच्च सोव्हिएतने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. देश स्वतंत्र झाला १६ डिसेंबर १९९१ रोजी. राजीनामा आला १९ मार्च २०१९ रोजी. पक्षसचिवपदापासून धरले तर जवळपास तीस, राष्ट्राध्यक्षपदापासून एकोणतीस आणि स्वातंत्र्यापासून सव्वासत्तावीस वर्षे होतात. परीक्षेत 'राष्ट्राध्यक्ष म्हणून' असा शब्दप्रयोग असेल तर १९९० हे वर्ष धरा.

राजीनाम्याने मात्र सत्ता संपली नव्हती. ती खऱ्या अर्थाने संपली जानेवारी २०२२ मध्ये.

पोलाद कारखान्यातला कामगार पक्षात इतक्या वर कसा गेला?

त्यांचा जन्म ६ जुलै १९४० चा, अल्मातीजवळच्या चेमोलगान गावातला. युक्रेनमधल्या द्नेप्रोद्झेर्झिन्स्क येथे धातुकामाचे प्रशिक्षण घेऊन ते १९६० मध्ये कारागांदा भागातल्या तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर रुजू झाले. त्याच वर्षी तिथे पहिले लोखंड ओतले गेले. १९६२ मध्ये पक्षाचे सदस्यत्व मिळाले. पुढची चढण ठरावीक सोव्हिएत पायऱ्यांची : कारखान्यातली पक्षसमिती, मग प्रांतिक समिती, १९७९ मध्ये प्रजासत्ताकाच्या केंद्रीय समितीचे सचिवपद आणि मार्च १९८४ मध्ये मंत्रिमंडळाचे अध्यक्षपद, म्हणजेच पंतप्रधानपद. तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते.

या चढणीत दोन गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या. कामगार पार्श्वभूमीचा, कझाक भाषिक आणि रशियन सफाईने बोलणारा माणूस मॉस्कोला हवाच होता. आणि पक्षाचे प्रमुख दिनमुखामेद कुनायेव्ह यांचा हात पाठीवर होता. त्याच कुनायेव्हांच्या भावावर, विज्ञान अकादमीच्या प्रमुखांवर, नझरबायेव्ह यांनी १९८६ च्या पक्ष अधिवेशनात जाहीर टीका केली. गोर्बाचेव्ह यांच्या काळात वारा कुठल्या दिशेला वाहतोय, हे त्यांनी वेळेवर हेरले होते.

डिसेंबर १९८६ मध्ये अल्मा-अतात, म्हणजे आजच्या अल्मातीत, काय घडले?

१६ डिसेंबरला मॉस्कोने कुनायेव्ह यांना हटवले आणि गेन्नादी कोल्बिन यांना नेमले. कोल्बिन रशियन होते आणि कझाकस्तानात त्यांनी कधी काम केले नव्हते. दुसऱ्या दिवशी विद्यार्थी आणि तरुण कामगार चौकात उतरले. बळाचा वापर झाला, माणसे मारली गेली, अनेकांना तुरुंगात टाकले, विद्यापीठांतून काढले. नझरबायेव्ह त्या वेळी पंतप्रधान होते आणि त्यांच्या भूमिकेवर आजही वाद आहे. १६ डिसेंबर ही तारीख लक्षात ठेवा. या इतिहासात ती पुढे आणखी दोनदा येते.

स्वातंत्र्य जाहीर करणारे कझाकस्तान सर्वांत शेवटचे प्रजासत्ताक का ठरले?

कारण संघ टिकावा असे नझरबायेव्ह यांना मनापासून वाटत होते. जुलै १९९१ च्या अखेरीस गोर्बाचेव्ह, येल्त्सिन आणि ते मॉस्कोजवळ भेटले. नव्या संघराज्याचे पंतप्रधानपद त्यांच्याकडे जाईल, असे तिथे ठरत होते. ऑगस्टच्या फसलेल्या बंडाने तो बेत मोडला.

व्यवहारातली कारणे आणखी वजनदार होती. १९८९ च्या जनगणनेत कझाक लोकसंख्या सुमारे ४० टक्के आणि रशियन सुमारे ३८ टक्के होती. उत्तरेकडचे प्रांत रशियनबहुल, रेल्वे आणि वीज रशियाशी जोडलेली. घाईने दार लावले तर घर दुभंगेल, ही भीती खरी होती. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूस यांनी संघ संपल्याचे जाहीर केले, त्या बैठकीला ते गेले नाहीत. उलट २१ डिसेंबरला अकरा प्रजासत्ताकांना अल्मा-अतात एकत्र आणून स्वतंत्र राष्ट्रांच्या राष्ट्रकुलाचा (सीआयएस) जाहीरनामा तिथे करवून घेतला. मध्य आशियाला यामुळे टेबलावर जागा मिळाली. त्यांच्या कारकिर्दीतला हा निर्णय आम्ही फार वरचा मानतो.

अण्वस्त्रे 'सोडून दिली' म्हणतात. ती खरोखर त्यांच्या हातात होती का?

जमिनीवर होती, हातात नव्हती. कझाक भूमीवर १०४ एसएस-१८ क्षेपणास्त्रे आणि हजाराहून अधिक स्फोटाग्रे होती. डागण्याचे संकेत मॉस्कोकडे होते. तरीही त्यांवरून सौदेबाजी करणे शक्य होते. तो मोह टाळून मे १९९२ मध्ये लिस्बन करारावर सही झाली, पुढे अण्वस्त्र प्रसारबंदी करारात प्रवेश झाला, डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टमध्ये सुरक्षेची हमी घेतली आणि एप्रिल १९९५ पर्यंत शेवटचे स्फोटाग्र रशियात गेले. १९९४ मध्येच उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यातले सुमारे ६०० किलो उच्च समृद्ध युरेनियम गुप्तपणे विमानांनी अमेरिकेत हलवले गेले.

सेमीपलातिन्स्क चाचणीक्षेत्र त्याआधीच, २९ ऑगस्ट १९९१ रोजी, हुकूमनाम्याने बंद झाले होते. तिथे १९४९ ते १९८९ या चाळीस वर्षांत ४५६ अणुचाचण्या झाल्या. श्रेय वाटताना एक नाव सुटता कामा नये : कवी ओल्झास सुलेमेनोव्ह यांनी फेब्रुवारी १९८९ मध्ये उभारलेल्या जनआंदोलनाने ही मागणी आधी रस्त्यावर आणली. नझरबायेव्ह यांनी तिला कायद्याचे रूप दिले.

टेंगे हे चलन इतक्या घाईने का आणले?

जुलै १९९३ मध्ये रशियाने जुने रुबल रद्द केले आणि बाद झालेल्या नोटांचा लोंढा कझाकस्तानात येऊ लागला. रुबलच्या नव्या क्षेत्राची बोलणी फिसकटली. नोटा गुपचूप इंग्लंडमध्ये छापून घेतल्या होत्या. १५ नोव्हेंबर १९९३ पासून ५०० रुबलला एक टेंगे या दराने त्या बदलून दिल्या गेल्या. सुरुवातीचा दर डॉलरला ४.७ टेंगे होता.

तेलाच्या भावाशी बांधलेल्या चलनाचे जे होते तेच पुढे झाले. फेब्रुवारी २०१४ मध्ये एका रात्रीत दर १५५ वरून १८५ च्या आसपास नेला गेला. ऑगस्ट २०१५ मध्ये चलन मोकळे सोडले, तेव्हा एका दिवसात तो १८८ वरून २५५ पर्यंत गेला. टेंगेत पगार आणि डॉलरमध्ये गृहकर्ज असलेली कुटुंबे यात भरडली गेली. २०१९ पूर्वीचा असंतोष समजून घ्यायचा असेल तर त्याचे मूळ इथे शोधावे लागते.

घटनेत मुदतीची मर्यादा होती, तरी ते इतकी वर्षे कसे राहिले?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर. मर्यादा त्यांनी कधी उघडपणे मोडली नाही. दर वेळी ती बदलून घेतली.

सुरुवात मार्च १९९५ ला झाली. एका पराभूत उमेदवाराच्या तक्रारीवरून घटना न्यायालयाने १९९४ ची संसदीय निवडणूक अवैध ठरवली. संसद बरखास्त झाली आणि वर्षअखेरीपर्यंत राष्ट्राध्यक्षांनी कायद्याइतकेच वजन असलेल्या हुकूमनाम्यांनी राज्य चालवले. याच मोकळ्या काळात दोन सार्वमते झाली, आणि विद्यार्थी हमखास त्यांची गल्लत करतात. २९ एप्रिलच्या सार्वमताने त्यांची मुदत डिसेंबर २००० पर्यंत वाढली, म्हणजे १९९६ ची ठरलेली निवडणूक झालीच नाही. ३० ऑगस्टच्या सार्वमताने नवी घटना मंजूर झाली : प्रबळ राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि मजिलिस अशी दोन सभागृहे. ज्या घटना न्यायालयाच्या निकालाने हे सारे सुरू झाले, तेच नव्या घटनेत उरले नाही. त्याच्या जागी कमी अधिकारांची घटना परिषद आली.

ऑक्टोबर १९९८ मध्ये संसदेने मुदत पाचऐवजी सात वर्षांची केली, उमेदवाराच्या वयाची कमाल अट काढली आणि निवडणूक जानेवारी १९९९ मध्ये ओढून घेतली. मे २००७ मध्ये 'पहिल्या राष्ट्राध्यक्षां'ना दोन मुदतींची अट लागू नाही, असे घटनेतच घातले गेले. या दुरुस्तीचा बारकावा असा की सूट पदाला दिलेली नाही, एका माणसाला दिलेली आहे. त्यांच्यानंतर येणाऱ्याला अट लागूच राहणार होती. २०१० मध्ये 'एल्बासी', म्हणजे राष्ट्रनेता, हा दर्जा कायद्याने आला आणि सोबत खटल्यांपासून संरक्षण आणि कुटुंबाच्या मालमत्तेला अभय.

२०११ च्या सुरुवातीला निवडणुकाच टाळून २०२० पर्यंत मुदत वाढवण्याच्या सार्वमतासाठी सह्या गोळा झाल्या, संसदेने ठराव केला. घटना परिषदेने तो घटनाबाह्य ठरवला. नझरबायेव्ह यांनी निर्णय मान्य केला आणि लगेच मुदतपूर्व निवडणूक जाहीर केली.

निकाल असे : १९९१ मध्ये एकमेव उमेदवार म्हणून ९८.७ टक्के, १९९९ मध्ये सुमारे ८०, २००५ मध्ये ९१.१५, २०११ मध्ये ९५.५५ आणि २०१५ मध्ये ९७.७५ टक्के. थेट निवडणुका पाचच. १९९० ची निवड सर्वोच्च सोव्हिएतची आणि १९९५ चे सार्वमत हे निवडणुकीत मोजायचे नाहीत.

इतके टक्के मिळत होते, म्हणजे लोकप्रियता खोटी होती का?

लोकप्रियता खरी होती, विशेषतः २००० नंतरच्या दशकात. वेतन वाढत होते, शेजारच्या ताजिकिस्तानसारखे गृहयुद्ध झाले नाही, किर्गिझस्तानसारखी सरकारे रस्त्यावर कोसळली नाहीत. ही तुलना सामान्य कझाक माणूस स्वतःच करत असे. पण ती किती खरी, हे मोजायचा काटाच बिघडवलेला होता. उमेदवाराला मतदारांच्या एक टक्का सह्या आणाव्या लागत, त्याही दोनतृतीयांश प्रांतांतून. २०११ मध्ये हा आकडा सुमारे ९१ हजार होता. त्याआधी कझाक भाषेची परीक्षा : लिहिणे, वाचणे, भाषण. मुदतपूर्व निवडणूक दोन महिन्यांवर जाहीर झाली की सरकारी यंत्रणा हाताशी नसलेल्याला हे जमवणे जवळजवळ अशक्य. माजी पंतप्रधान अकेजान काझेगेल्दिन यांना १९९९ च्या निवडणुकीबाहेर ठेवले गेले, कारण परवानगी नसलेल्या संघटनेच्या बैठकीला गेल्याबद्दल त्यांना दंड झाला होता. २०११ मध्ये विरोधी उमेदवार मेल्स येलेउसिझोव्ह यांनी आपले मत नझरबायेव्ह यांनाच दिल्याचे सांगितले. २००७ च्या मजिलिस निवडणुकीत थेट मतदानाच्या सर्व ९८ जागा त्यांच्या नूर ओतान पक्षाला मिळाल्या.

तेलाचा पैसा कुठे गेला?

पाया १९९३ मध्ये अमेरिकन शेव्हरॉन कंपनीबरोबरच्या तेंगीझ करारात घातला गेला. २००१ मध्ये काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क बंदरापर्यंतची वाहिनी सुरू झाली. २००० मध्ये राष्ट्रीय निधी स्थापून तेलाच्या उत्पन्नाचा हिस्सा बाजूला ठेवायला सुरुवात झाली. हा निर्णय शहाणपणाचा होता. २००८ च्या मंदीत बँका वाचवायला हाच पैसा कामी आला.

कशागान तेलक्षेत्राचे प्रकरण उलटे. कॅस्पियनच्या उथळ, हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्याखाली २००० मध्ये हे प्रचंड क्षेत्र सापडले. उत्पादन सुरू व्हायला २०१३ चा सप्टेंबर उजाडला आणि काही आठवड्यांत बंद पडले. तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार आहे; त्याने वाहिन्यांच्या पोलादाला तडे गेले. सुमारे २०० किलोमीटर नळ बदलावे लागले आणि तेल २०१६ च्या शरद ऋतूत पुन्हा वाहू लागले. मधल्या काळातच तेलाचे भाव कोसळले होते. वर सांगितलेली टेंगेची घसरण त्याच काळातली.

राजधानी अल्मातीहून हलवली ती हौसेखातर?

तशी टीका झाली, पण कारणे होती. अल्माती भूकंपप्रवण आहे, डोंगरांनी वेढलेली असल्याने पसरायला जागा नाही, आणि देशाच्या आग्नेय कोपऱ्यात चीन आणि किर्गिझस्तान यांच्या सीमेजवळ आहे. उत्तरेतल्या रशियनबहुल पट्ट्यात राजधानी नेली की तिथे कझाक लोकवस्ती आणि राज्ययंत्रणा दोन्ही जातात, हे उघडपणे कमी बोलले गेलेले कारण आमच्या मते सर्वांत मोठे. संसदेने ६ जुलै १९९४ ला ठराव केला, अकमोला, म्हणजे आजच्या अस्ताना शहरात स्थलांतर १० डिसेंबर १९९७ ला झाले. हिवाळ्यात तिथे तापमान उणे तीस अंशांच्याही खाली जाते. नोकरशहांनी पहिली वर्षे कुरकुर करतच काढली. बायतेरेक मनोऱ्याच्या वरच्या सज्जात नझरबायेव्ह यांच्या पंजाचा ठसा धातूत उमटवलेला आहे आणि पर्यटक त्यात हात ठेवून फोटो काढतात.

झानाओझेनला काय झाले?

१६ डिसेंबर २०११, म्हणजे स्वातंत्र्याचा विसावा वर्धापनदिन. पश्चिमेच्या या तेलनगरीत कामगार पगारासाठी अनेक महिने संपावर होते. पोलिसांनी गोळीबार केला. अधिकृत आकडा १६ मृतांचा. नझरबायेव्ह यांनी आपले जावई तिमूर कुलिबायेव्ह यांना सरकारी कंपन्या सांभाळणाऱ्या सार्वभौम निधीच्या प्रमुखपदावरून दूर केले, पण तुरुंगवासाच्या शिक्षा संपातल्या कार्यकर्त्यांनाही झाल्या. सत्ता आणि तेलाच्या गावांतला माणूस यांच्यातला विश्वास तिथेच तुटला. दहा वर्षांनी ठिणगी पुन्हा याच गावात पडली.

२०१९ मध्ये राजीनामा दिला, तरी सूत्रे हातात कशी राहिली?

सिनेटचे अध्यक्ष कासिम-जोमार्त तोकायेव्ह यांनी २० मार्चला शपथ घेतली. त्याच दिवशी राजधानीला 'नूर-सुलतान' हे नाव देण्याचा प्रस्ताव त्यांनी मांडला आणि नझरबायेव्ह यांची मुलगी दारिगा सिनेटच्या अध्यक्ष झाल्या. नझरबायेव्ह यांच्याकडे सुरक्षा परिषदेचे तहहयात अध्यक्षपद होते (त्याची तजवीज २०१८ च्या कायद्यात आधीच झाली होती), शिवाय पक्षाचे अध्यक्षपद, घटना परिषदेचे सदस्यत्व आणि एल्बासीचा दर्जा. ऑक्टोबर २०१९ च्या हुकूमनाम्याने बहुतेक मंत्री आणि प्रांताधिकारी नेमताना त्यांचा सल्ला घेणे बंधनकारक झाले.

या रचनेत दोष उघड होता. अधिकाऱ्याने संकटात आदेश कोणाचा मानायचा, हे कुठेच स्पष्ट नव्हते.

जानेवारी २०२२ मध्ये नेमके काय बिनसले?

पश्चिमेच्या मांगिस्ताऊ प्रांतात बहुतेक गाड्या एलपीजीवर चालतात. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी लिटरचा भाव साठ टेंगेवरून एकशेवीसवर गेला. २ जानेवारीला झानाओझेनमध्ये लोक रस्त्यावर आले आणि दोनतीन दिवसांत देशभर 'म्हाताऱ्या, जा!' ही घोषणा घुमू लागली. म्हातारा कोण, हे सांगायची गरज नव्हती. ५ जानेवारीला तालदीकोरगानमधला त्यांचा पुतळा दोर लावून पाडला गेला, अल्मातीत सरकारी इमारती पेटल्या. त्याच दिवशी तोकायेव्ह यांनी सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतल्याचे दूरचित्रवाणीवरून सांगितले आणि रशियाच्या पुढाकारातल्या सामूहिक सुरक्षा संघटनेचे सैन्य बोलावले. अधिकृत मृत्युसंख्या २३८.

१८ जानेवारीला नझरबायेव्ह चित्रफितीत दिसले आणि आपण निवृत्तिवेतनधारक असून राजधानीतच आहोत, असे म्हणाले. गुप्तचर प्रमुख आणि त्यांचे जुने विश्वासू करीम मासिमोव्ह यांना अटक झाली. २०२३ मध्ये त्यांना १८ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. पुतणे कैरात सातिबाल्दी यांनाही २०२२ मध्येच तुरुंगवास झाला.

तहहयात अधिकार इतक्या लवकर कसे काढता आले?

ते ज्या वाटेने आले त्याच वाटेने गेले. फेब्रुवारी २०२२ मध्ये तहहयात पदांची कलमे कायद्यातून वगळली. ५ जूनच्या सार्वमताने, सुमारे ७७ टक्के होकाराने, घटनेतले पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे विशेष उल्लेख गेले, घटना न्यायालय परत आणायचे ठरले आणि राष्ट्राध्यक्षाच्या जवळच्या नातेवाइकांना राजकीय पदे बंद झाली. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या राष्ट्राध्यक्षांविषयीचा स्वतंत्र कायदाच रद्द झाला. यातल्या एकाही टप्प्यावर संसद अडली नाही. कारण स्वतःच्या बळावर नाही म्हणू शकेल अशी संसद, न्यायालय किंवा पक्ष त्यांनी तीस वर्षांत उभा राहूच दिला नव्हता. त्यांच्या बाजूने उभे राहायलाही कोणी उरले नाही.

भारताशी त्यांचा संबंध काय?

२६ जानेवारी २००९ च्या प्रजासत्ताक दिनाचे ते प्रमुख पाहुणे होते. त्याच भेटीत मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय अणुऊर्जा महामंडळाचा कझातोमप्रोम या कझाक कंपनीशी युरेनियमविषयक सामंजस्य करार झाला. जून २०१७ मध्ये भारताला शांघाय सहकार्य संघटनेचे पूर्ण सदस्यत्व मिळाले, ते अस्तानातल्या परिषदेत, त्यांच्याच यजमानपदाखाली. आणि ज्या तेमिरताऊच्या भट्टीवर त्यांनी तरुणपणी काम केले, तो कारखाना १९९५ मध्ये लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने विकत घेतला. खाणींतल्या वारंवारच्या अपघातांनंतर, ऑक्टोबर २०२३ मध्ये कोस्तेन्को खाणीत ४६ जण मृत्युमुखी पडल्यावर, तो पुन्हा कझाक मालकीत गेला.

मुलीच्या कागदांवर नूर-सुलतान लिहिले आहे, तिकिटावर अस्ताना. शहर एकच ना?

एकच. १९६१ पासून त्सेलिनोग्राद, १९९२ पासून अकमोला, ६ मे १९९८ पासून अस्ताना, २३ मार्च २०१९ पासून नूर-सुलतान आणि १७ सप्टेंबर २०२२ पासून पुन्हा अस्ताना. २०१९ ते २०२२ मधल्या प्रमाणपत्रांवर नूर-सुलतान असणे बरोबरच आहे. पडताळणीला देताना ते कोणाकडूनही खोडून 'दुरुस्त' करून घेऊ नका. विमानतळाला आणि २०१० मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाला नझरबायेव्ह यांचे नाव कायम राहिले. तिकीट शोधताना विमानतळाचा संकेत एनक्यूझेड टाका. टीएसई हा २०२० पूर्वीचा संकेत आहे. तुमचे विद्यापीठ अल्मातीत असेल तर मात्र अस्तानाचे तिकीट काढू नका. दोन्ही शहरांत रेल्वेने हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे.